कंपवाताच्या इतिहासातील विसरलेले आतडे

१/ कंपवात अर्थात पार्किन्सनचा रोग म्हटले की थरथरणारा हात आणि झिजणारा मेंदू डोळ्यांपुढे येतो. परंतु या रोगावरील सुप्रसिद्ध आद्य निबंधातच आतड्याचा उल्लेख आहे. तो इतका काळ उपेक्षित का राहिला, याविषयी हा धागा.

२/ १८१७, लंडन. हॉक्स्टन भागातील वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी या व्याधीवर एक छोटेखानी निबंध प्रसिद्ध केला. आधार अवघ्या सहा रुग्णांचा, आणि त्यांतील काही तर रस्त्यात दिसलेले. शवविच्छेदनाचा पुरावा हाती नव्हता. होते ते निरीक्षण.

३/ त्यांनी कंप टिपला, पुढे झुकलेली चाल टिपली आणि रुग्णांची आतडी मंदावतात हेही टिपले. पोटातील बिघाडाचा परिणाम मज्जारज्जूपर्यंत पोहोचत असावा, अशी शक्यता त्यांनी मांडली. हा संबंध नेमका कसा जुळतो ते उलगडता येत नाही, हेही प्रांजळपणे लिहिले.

४/ १९१२. जर्मन संशोधक फ्रेडरिक लेवी यांना रुग्णांच्या चेतापेशींत गोलसर कण आढळले. ते जिथे दिसले, त्यांपैकी एक ठिकाण म्हणजे मेंदूच्या बुंध्याशी असलेले व्हेगस नसेचे केंद्र. ही नस थेट जठर व आतड्यांपर्यंत जाते. धागा पुन्हा हाती आला होता.

५/ पण १९१९ मध्ये पॅरिसमध्ये ट्रेटियाकॉफ यांनी मध्यमेंदूतील काळसर भागाकडे लक्ष वेधले. १९६० मध्ये व्हिएन्नात रुग्णांच्या मेंदूतील डोपामिनची उणीव सिद्ध झाली. पुढे लेव्होडोपा आले आणि जखडलेली माणसे पुन्हा हिंडू-फिरू लागली. मग आतड्याची आठवण कोणाला राहणार?

६/ त्या यशाला मी दोष देत नाही. माझा आक्षेप आहे तो उतरंडीला. मेंदू राजा आणि बाकीचे अवयव प्रजा, असे एकदा मानले की कंप हा 'रोग' ठरतो आणि बद्धकोष्ठ ही 'म्हातारपणाची कुरकुर'.

७/ २००१ मध्ये होनोलुलूतील सुमारे ६,८०० पुरुषांच्या दीर्घ पाहणीचा निष्कर्ष आला. ज्यांना दिवसातून एकदाही शौचास होत नसे, त्यांच्यात पुढे हा रोग अधिक आढळला. २००३ मध्ये हायको ब्राक यांनी मांडले की विकृती आतड्यात सुरू होऊन व्हेगसमार्गे वर चढत असावी.

८/ २०१५ मध्ये डेन्मार्कमधील जुन्या नोंदी तपासल्या गेल्या. पूर्वी जठरव्रणावर उपाय म्हणून व्हेगस कापत असत. ज्यांची नस पूर्णपणे कापली होती, त्यांच्यात कालांतराने रोगाचा धोका कमी दिसला. या आकड्यांवर वाद झाले. शिवाय सर्वच रुग्णांत आरंभ आतड्यातून होत नाही. काहींत तो मेंदूतच होत असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

९/ म्हणून पार्किन्सन यांना द्रष्टे ठरवण्याची घाई नको. 'त्यांना सारे आधीच ठाऊक होते' हा इतिहासाचा सर्वांत आळशी निष्कर्ष असतो. त्यांचे अनुमान अर्धवट होते. मोठेपण आहे ते कारण न कळताही लक्षण न गाळण्यात.

१०/ बद्धकोष्ठ असलेल्या प्रत्येकाला कंपवात होत नाही. बहुतेकांना होतच नाही. तरीही घरातील आजोबा 'पोट साफ होत नाही, फुलांचा वासही येत नाही' म्हणाले, तर हसण्यावारी नेऊ नका. डॉक्टरांना सांगताना तेही सांगा. रुग्णाच्या कोणत्या तक्रारीची नोंद होते आणि कोणती गाळली जाते, यावरच उद्याचा वैद्यकाचा इतिहास घडतो.

धागा समाप्त.