फिल्टर बदलला म्हणून वाद्य बाटत नाही

स्पष्टच लिहितो, काहींना झोंबेल.

गेल्या आठवड्यात आमच्या गावातल्या ऑर्केस्ट्रावाल्या अण्णांनी माळ्यावरचा ऐंशीच्या दशकातला ॲनालॉग सिंथ खाली काढला. आयटीआय केलेल्या पुतण्यानं तो चालू केला आणि म्हणाला, "काका, याच्या फिल्टरला बाहेरून व्होल्टेज द्यायची सोय करू का?" झालं! शहरातल्या जाणकारांचे फोन सुरू. "हात लावू नका, ओरिजिनल पीस आहे, किंमत जाईल."

अहो, वाद्य वाजवायचं की कपाटात ठेवून ओवाळायचं?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सिंथचा कच्चा आवाज करकरीत असतो. फिल्टर त्याची वरची धार कापतो. कटऑफचा नॉब खाली आणला की आवाज बंद दाराआडून आल्यासारखा दबतो, वर नेला की खुलतो. रेझोनन्स वाढवला की कटऑफच्या आसपासचा आवाज उठून येतो. थोडक्यात, फिल्टर म्हणजे सिंथचा गळा.

आता "कंपनीनं केलं तेच पवित्र" हा दावा तपासू. अमेरिकेतल्या एआरपी कंपनीच्या ४०७२ फिल्टरमध्ये कंपनीचीच चूक होती. तो साधारण १२ किलोहर्ट्झच्या वर उघडतच नव्हता. मोजके सुटे भाग बदलले की उघडतो. मग ती चूकही ओरिजिनल म्हणून जपायची?

रोलँडचा टीबी-३०३ घ्या. गिटारवाल्यांना बेसची साथ मिळावी म्हणून १९८१ मध्ये काढला, पडला, १९८४ मध्ये बंद. पण आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये त्याच्यावर राग वाजवले. १९८७ मध्ये शिकागोच्या पोरांनी त्याच फिल्टरचे नॉब पिळून ॲसिड हाऊस जन्माला घातलं. पुढे ऑस्ट्रेलियात रॉबिन व्हिटल यांनी 'डेव्हिल फिश' नावाचे बदल केले: फिल्टरला बाहेरचं व्होल्टेज, बाहेरचा आवाज, सगळं घेता येतं. कंपनीच्या कल्पनेबाहेर वापरलं, म्हणूनच ते वाद्य जगलं.

बेफिकिरीला माझा पाठिंबा नाही. पत्र्याला भोकं पाडायच्या आधी दहादा विचार करा. काढलेला प्रत्येक भाग पाकिटात ठेवा, काय बदललं ते कागदावर लिहा, पूर्ववत करता येईल असंच काम करा. आणि एकुलता एक दुर्मीळ नमुना असेल तर खरंच हात लावू नका. पण हा नियम हजारोंनी बनलेल्या वाद्यांना कशाला?

खरा राग वेगळ्या गोष्टीवर धरा. त्या काळच्या कितीतरी सर्व्हिस मॅन्युअलमध्ये अख्खं सर्किट छापलेलं असे, म्हणून हा पोरगा आज ते वाचू शकतो. आजचा कीबोर्ड बिघडला की उत्तर एकच: "बोर्ड बदला." केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. सुरुवातीची क्षेत्रं कोणती? शेती अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं. वाद्यांचं नाव नाही.

तालुक्याच्या गावात सोल्डरिंग येणारी पोरं आहेत, त्यांना नकाशा द्या. "हात लावू नका" म्हणत त्यांचे हात बांधू नका.

अण्णांनी पुतण्याला हो म्हटलंय. पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर कमेंटमध्ये या, भांडू.