उतार आधी वाचा, मग जेसीबी बोलवा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात उतारावर प्लॉट घेतला की पहिला फोन बहुतेकदा जेसीबीवाल्याला जातो. मागे तांबडी दरड उभी राहते, पुढे भराव पडतो आणि त्यानंतर मालक आर्किटेक्टला गाठतो. हा क्रमच चुकीचा आहे.

हिशेब करून बघावा. पाच फुटांना एक फूट असा उतार आणि ४० फूट खोलीचं घर धरलं, तर पुढच्या-मागच्या जमिनीत ८ फुटांचा फरक पडतो. सगळं घर एका पातळीवर आणायचं तर मागे ४ फूट खोदाई, पुढे ४ फूट भराव. तेच घर २०-२० फुटांच्या दोन टप्प्यांत बसवलं, तर खोदाई आणि भराव २-२ फुटांवर येतात, मातीकाम निम्मं होतं. शिवाय मातीचा रेटा उंचीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. निम्म्या उंचीच्या भिंतीवर तो चौथाईच येतो.

दोन टप्प्यांमध्ये आठेक पायऱ्या आल्या. त्या कुठे घ्यायच्या, हे घरातल्या आजीच्या गुडघ्यांनी ठरवावं. तिची खोली, न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि गाडीतून उतरून आत यायची वाट एकाच पातळीवर हवी. मुलांच्या खोल्या खाली गेल्या तरी चालतं.

भराव बसतो, खोदलेली बाजू बसत नाही. दोहोंच्या सांध्यावर फरशीला लांबच लांब तडा जातो. म्हणून पाया भराव ओलांडून मूळ पक्क्या जमिनीपर्यंत न्यायलाच हवा.

आणि पाणी! जांभ्याखाली अनेक ठिकाणी मऊ चिकणमाती असते. पाणी मुरलं की ती लोण्यासारखी सरकते. जुना गडगा कोरडा रचलेला, फटींतून पाणी सोडणारा. काँक्रीटच्या भिंतीत ती सोय मुद्दाम करावी लागते: तळाशी नळ्या, त्यांच्यामागे खडी, घराच्या वरच्या अंगाला आडवा चर. खडीचा खर्च वाचवला की नळ्या मातीने बुजतात आणि भिंतीला पोट येतं.

वरचा डोंगरच धोक्याचा असेल तर मात्र कुठलीच रचना पुरी पडत नाही. तळीये (२२ जुलै २०२१) आणि इरशाळवाडी (१९ जुलै २०२३) इथे दरड वरून आली. तेव्हा इसार देण्याआधी भर जुलैत जागेवर जा, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते डोळ्यांनी पाहा, आणि भूगर्भतज्ज्ञाने नको म्हटलं तर ती जागा सोडा.