सहलीची गाडी दारातून परत फिरते

सीनाकाठ : साप्ताहिक स्तंभ
परंडेकर

डिसेंबर लागला की परंड्याच्या एसटी आगारात गुरुजींच्या चकरा सुरू होतात. सहलीला सवलतीची गाडी लागते आणि आधी अर्ज टाकला नाही तर ऐन वेळी ती मिळत नाही. मार्ग पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. धाकट्या वर्गांना तुळजापूर-अक्कलकोट, मधल्यांना अष्टविनायक नाहीतर रायगड-महाबळेश्वर, आणि नववीचा हट्ट मुंबईचा. मुंबईत काय बघायचं तेही ठरलेलं : गेटवे, राणीची बाग, तारांगण, हाजी अली, संध्याकाळी जुहूची चौपाटी. मधल्या काळात एस्सेल वर्ल्डची चलती होती. २०२२ साली ते बंद पडलं आणि बऱ्याच पालकांचा खर्च वाचला.

या यादीबद्दल माझी तक्रार नाही. ज्या पोरानं सीना कोळेगावच्या धरणापलीकडे पाणी पाहिलेलं नाही, त्याला आधी समुद्रच बघू द्यावा. माझी तक्रार गाडी जिथं थांबते त्या जागांविषयी आहे. राणीच्या बागेत पोरं उतरतात आणि पेंग्विनच्या रांगेकडे पळतात. बागेच्या फाटकाशीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, मुंबईतलं सर्वांत जुनं, १८७२ साली लोकांसाठी उघडलेलं. गेटवेला गाडी लावली की चालत दहा मिनिटांच्या आत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, त्याच्या आवारालगत जहांगीर आर्ट गॅलरी आणि समोरच्या चौकात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. म्हणजे परंड्याहून एवढ्या लांब गेलेली गाडी चार मोठ्या दालनांच्या दारात उभी राहते, आणि पोरं ताजमहाल हॉटेलपुढे फोटो काढून परत गाडीत बसतात.

कारण विचारलं तर सर लोक सरळ सांगतात, ‘त्यात पोरांना काय कळणार?’ थोडं खोदून विचारलं तर दुसरं वाक्य येतं, ‘आम्हालाच काही कळत नाही, त्यांना काय सांगणार?’ हे दुसरं वाक्य प्रामाणिक आहे, आणि माझा सगळा वाद त्याच्याशीच आहे.

भाऊ दाजी लाड संग्रहालयात कळायला अवघड असं काही नाही. आत शिरलात की सोन्याचा मुलामा चढवलेल्या खांबा-कमानींनीच पोरांची तोंडं बंद होतात, आणि सहलीवरच्या कुठल्याही शिक्षकाला याहून मोठं दान नको. काचेच्या कपाटांत मातीच्या छोट्या मूर्ती आहेत : एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईतले लोक, त्यांचे पोशाख, पगड्या, धंदे, खेळ. गोरोबाकाकांच्या जिल्ह्यातल्या मुलाला मातीची बाहुली समजावून सांगायला तज्ज्ञ कशाला हवा? बाहेर अंगणात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. ह्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये तो विलायतेला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना क्रेन मोडली, हत्ती पडून त्याचे तुकडे झाले, म्हणून तो इथं राहिला. पुढे तुकडे जोडून त्याला उभं केलं. चोरी फसल्याची एवढी धडधडीत गोष्ट सातवीच्या इतिहासाच्या पुस्तकातही सापडणार नाही.

शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणजे जुनं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. १९०५ साली कोनशिला बसली, लोकांसाठी ते १९२२ साली खुलं झालं. जॉर्ज विटेट या वास्तुकारानं त्याचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतला, आतल्या दालनात नाशिकच्या एका जुन्या वाड्याचं लाकूडकाम आणून बसवलं. म्हणजे मुंबईच्या काळजातली ही इमारत विजापूर आणि नाशिककडून उसनवारी करून उभी आहे. आत अकबराचं चिलखत आहे, ॲसिरियाच्या राजवाड्यातले कोरीव दगड आहेत, पेंढा भरलेले पक्षी-प्राणी आहेत, आणि २०१९ पासून मुलांसाठी वेगळं संग्रहालयही आहे. तिथं तिकीट लागतं. ते काढावं. तारांगणाचं काढतोच की.

पण मला खरं बोलायचंय ते जहांगीरबद्दल. तिथं तिकीट नाही. दारावर नाव-गाव विचारत नाहीत. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ पैसा दिला आणि १९५२ साली ही गॅलरी उभी राहिली. दालन आठवडाभरासाठी भाड्यानं मिळतं. त्यासाठी चित्रकार वर्षानुवर्षं नंबर लावून बसतात. त्यामुळे दर आठवड्याला भिंतीवरची चित्रं बदलतात, आणि बहुतेक वेळा चित्रकार स्वतः कोपऱ्यात टेबलखुर्ची टाकून बसलेला असतो, अभिप्रायाची वही पुढ्यात ठेवून. दुपारी दालनात गर्दी नसते. त्याला बोलायला माणूस हवाच असतो.

आता इकडचं बघा. आपल्या तालुक्यातली पोरं एलिमेंटरी देतात, इंटरमिजिएट देतात. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून देतात हे खरं, पण त्यातली दोन-चार खरोखर हात असलेली असतात. स्थिरचित्राच्या पेपराला तांब्या, फडकं, दोन फळं. स्मरणचित्राला बाजार नाहीतर बसथांबा. संकल्पचित्राला वर्तुळातली फुलं. या पोरांनी आयुष्यात एकही खरं तैलचित्र पाहिलेलं नसतं. पाहिलं ते पाठ्यपुस्तकात काडेपेटीएवढं आणि हल्ली मोबाइलवर. रंग कॅनव्हासवर किती जाड बसतो, जवळून नुसते फटकारे दिसतात आणि चार पावलं मागं गेलं की त्याचं माणूस कसं होतं, चित्र आपल्यापेक्षा उंच असू शकतं, हे छापील पानावर कळायचं नाही. क्रिकेट खेळणाऱ्या पोरानं कधी मैदानच पाहिलं नाही असं कुणी सांगितलं तर आपण हळहळू. चित्र काढणाऱ्या पोराच्या बाबतीत तीच गोष्ट आपल्याला रोजची वाटते. शिवाय अनेक शाळांत चित्रकलेचा तास मराठीचे किंवा खेळाचे सर ‘घेतात’, म्हणजे पोरांना वही काढायला सांगून स्वतः पेपर तपासतात.

अशा पोराला जहांगीरमध्ये उभं करा आणि त्या चित्रकाराला एकच विचारायला सांगा : ‘हे करायला किती दिवस लागले?’ बाकी सगळं बोलणं त्यातून निघतं. बाहेर फूटपाथवर चित्रं मांडून बसलेले, लोकांची व्यक्तिचित्रं काढून देणारे कलाकार आहेत, तेही दाखवा. आत आणि बाहेर असा फरक का पडतो, हा प्रश्न पोरंच विचारतील. उत्तर द्यायला सरांनी थोडं चाचपडलं तरी चालेल.

एम. एफ. हुसेन यांचा जन्म १९१५ चा, पंढरपूरचा. आपल्या पलीकडच्याच जिल्ह्यातला. मुंबईत आले तेव्हा सिनेमाचे फलक रंगवून पोट भरत होते. त्यांचं १९५४ सालचं ‘ग्राम यात्रा’ नावाचं चित्र, तेरा चौकटींचं, सगळी खेड्यातली माणसं आणि कामं. कित्येक दशकं ते नॉर्वेत ऑस्लोच्या रुग्णालयाकडे होतं. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला सुमारे ११८ कोटी रुपये आले. तोवर भारतीय चित्राला लिलावात एवढा भाव आला नव्हता. बातमी आली तेव्हा आपल्याकडे चर्चा झाली ती आकड्याची, ‘एवढ्यात किती एकर आले असते’ या थाटाची. मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. चित्रात खेडं आहे, काढणारा पंढरपुरात जन्मलेला, विकत घेणारे कुठले कुठले, आणि ज्यांचं ते खेडं त्यांना आपण या व्यवहारात कुठेतरी आहोत याचा पत्ताच नाही.

शहराचीही बाजू धुतल्या तांदळासारखी नाही. सरकारी संग्रहालयांत मराठी पाट्या आहेत. कुलाबा-फोर्टमधल्या खासगी गॅलऱ्यांत मात्र मराठी अक्षर क्वचित दिसतं. चित्राशेजारच्या चिठ्ठीवरचं इंग्रजी असं असतं की इंग्रजीच्या प्राध्यापकालाही घाम फुटावा. जुन्या इमारतीचा अंधारा जिना, बंद काचेचं दार, घंटा वाजवायची, आणि आत बसलेली व्यक्ती लॅपटॉपवरून मान वर करून आपल्या चपलांकडे बघणार. या गॅलऱ्याही फुकटच असतात, कुणालाही जाता येतं, पण ‘कुणालाही’ या शब्दात आपण बसतो असं वाटायला लावण्यात त्या कमी पडतात. शहरानं संग्रहालयाची एखादी बस गावोगाव फिरवून भागत नाही हेही खरं. वस्तुसंग्रहालयाची फिरती बस २०१५ पासून रस्त्यावर आहे. सुधीर पटवर्धन हे अनेक वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्टचं काम करत चित्रं काढलेले मोठे चित्रकार. त्यांनी २००८ च्या सुमारास समकालीन चित्रांचं फिरतं प्रदर्शन मुंबईबाहेर राज्यातल्या शहरांत नेलं होतं. दोन्ही प्रयत्नांना सलाम. पण तालुक्याच्या गावानं दारात बस येण्याची वाट बघत बसायचं काय कारण? आपली गाडी दरवर्षी तिथं जातेच आहे.

आणि तिथं जाऊन काय आणायचं, तर बघण्याची एक रीत. संग्रहालयातली वस्तू मोठी होते ती तिच्याशेजारच्या चार ओळींमुळे : हे काय आहे, कधीचं, कुठून आलं, कुणी केलं. त्या चार ओळी काढून टाका, अकबराचं चिलखतही भंगारात शोभेल. आपल्या किल्ल्यात नेमकं हेच झालंय. १६०० साली अहमदनगर पडल्यावर मलिक अंबरानं दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला याच परंड्यात गादीवर बसवलं. निजामशाहीची राजधानी होती ही. बुरुजांवर तोफा आहेत, मशिदीला जुन्या देवळाचे कोरीव खांब आहेत, हमामखाना आहे, नृसिंहाचं देऊळ आहे, जागोजाग कोरीव दगड आहेत. गावातलं पोरगं तोफेवर बसून सेल्फी काढतं, कारण ती काय आहे हे तिथं कुणी नीट सांगत नाही.

आपली सर्वांत मोठी कलाकृती तर गावात राहिलीच नाही. मलिक-ए-मैदान ही तोफ महंमद बिन हुसेन रूमीनं १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली. वजन पंचावन्न टनांच्या घरात, तोंडाशी हत्तीला गिळणाऱ्या सिंहाचा जबडा. ती परंड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ मध्ये विजापूरकरांनी ती ओढून नेली. आज शेर्झा बुरुजावर तिला बघायला लोक पैसे मोडून जातात. १८५४ मध्ये इंग्रजांनी तिचा लिलाव मांडला तेव्हा बोली दीडशे रुपयांवर अडली होती. लिलाव रद्द झाला म्हणून ती वाचली. परंड्यातल्या किती नववीच्या पोरांना हे ठाऊक आहे, ते शिक्षकांनी स्वतःच वर्गात विचारून बघावं.

या कामाला मुंबईच लागते असंही नाही. आपल्याच जिल्ह्यात तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी, एका व्यापाऱ्यानं, गावाच्या पांढरीतून निघणाऱ्या वस्तू जपून ठेवल्या. आज तिथं त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक खलाशाच्या नोंदीत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ज्या मोठ्या तगर शहराचा उल्लेख येतो, ते हेच तेर. तिथं मिळालेल्या हस्तिदंती बाहुलीची बहीण शोभावी अशी मूर्ती इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली आणि नेपल्सच्या संग्रहालयात ती मानानं उभी आहे. सातारा जिल्ह्यातल्या औंधसारख्या गावात पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये संग्रहालय उघडलं. तिथं रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं दगडी शिल्पही. पुण्यात दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, दौती, पानपुडे गोळा केले. आपल्या आज्यांनी मोडीत घातलेल्या वस्तू पुण्यात तिकीट काढून बघायला मिळतात, एवढंच आपण म्हणतो. केळकरांनी त्या कुणाच्या अंगणातून उचलल्या, तेही एकदा विचारात घ्यावं.

म्हणून मुख्याध्यापकांकडे माझी मागणी साधी आहे. यंदाच्या मुंबईच्या सहलीत दोन दालनं घाला, एक संग्रहालय आणि जहांगीर. परत आल्यावर ‘सहलीचे वर्णन’ हा निबंध रद्द करा. त्याऐवजी प्रत्येकानं किल्ल्यातल्या एका वस्तूची चार ओळींची चिठ्ठी लिहावी. चांगल्या चिठ्ठ्या निवडून, पुरातत्त्व खात्याकडे रीतसर अर्ज करून, निदान २६ जानेवारीला तरी त्या वस्तूंपुढे मांडाव्यात. दगडाला खिळा नको, डिंक नको. पुठ्ठ्याची पाटी जमिनीवर टेकवून ठेवली तरी पुरे. चिठ्ठी लिहिणारं पोरगंच तिथं उभं राहील आणि येणाऱ्याला सांगेल.

दिवस निवडताना एक सांभाळा. राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड बुधवारी बंद असतात, आधुनिक कला संग्रहालय सोमवारी. शनिवार-रविवारी गर्दीत पोरं मोजण्यातच वेळ जातो. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार यांतला वार धरा. पोरं थोडी असतील तर एसटीच्या भानगडीत न पडता कुर्डुवाडीहून रात्रीची सिद्धेश्वर गाठा. ती सकाळी सीएसएमटीला सोडते आणि जहांगीर जिथं आहे तो काळा घोडा तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्याआधी क्रॉफर्ड मार्केटकडे थोडं वळलात तर दाराच्या कमानींवर लॉकवुड किपलिंगनं घडवलेली शेतकऱ्यांची दगडी शिल्पं दिसतील, फुकटात आणि आपल्याच लोकांची. जहांगीर अकरा वाजता उघडतं. गेटवे त्याआधी उरकता येतो.