आकुंचन रक्तवाहिन्यांचे, संकोच समाजाचा

पुणे-नाशिक महामार्गाने नारायणगाव मागे टाकून आळेफाट्याकडे निघाले, की जुन्नर तालुक्यातील पिंपळवंडी लागते. अशा गावातील पन्नाशीच्या पुरुषाच्या छातीत कळ आली, तर घरचे त्याला तातडीने दवाखान्यात नेतात. मात्र त्याआधी काही वर्षे शरीराने दिलेली एक सूचना त्याने कोणालाच सांगितलेली नसते. ती सूचना म्हणजे लिंगाला पुरेशी ताठरता न येणे. शहरातील सुशिक्षितही याबाबत फारसे वेगळे वागत नाहीत.

हा दोष 'मर्दानगी'चा नसून बहुतेकदा रक्ताभिसरणाचा असतो. एरवी लिंगातील रोहिण्या व तेथील स्नायू आकुंचन पावलेलेच असतात. उत्तेजनाच्या वेळी मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर यांतून नायट्रिक ऑक्साइड स्रवते, स्नायू सैलावतात व रक्ताचा ओघ वाढतो. मधुमेह, उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांनी हे अस्तर बिघडले, की आकुंचन सुटत नाही. मानसिक ताणातही अ‍ॅड्रेनलिनमुळे रोहिण्या आकसतात. मात्र तेव्हा पहाटेची नैसर्गिक ताठरता सहसा टिकून राहते.

लिंगाच्या रोहिण्या साधारण १ ते २ मिलिमीटर, तर हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटर रुंदीच्या असतात. साहजिकच अरुंद नळीतील अडथळा आधी जाणवतो. म्हणूनच या तक्रारीनंतर दोन ते पाच वर्षांत हृदयविकाराची लक्षणे दिसू शकतात, असे तज्ज्ञ मानतात. सिल्डेनाफिल हे औषधही मुळात हृदयशूळासाठी तपासले जात होते. १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला ताठरतेच्या समस्येसाठी मान्यता मिळाली. नायट्रिक ऑक्साइडवरील संशोधनाला नोबेल पारितोषिक मिळाले, तेही त्याच वर्षी.

संकोचाचा फायदा मात्र भोंदू वैद्य उठवतात. नपुंसकत्वावरील उपचारांच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. तरीही भिंतींवर आणि आता मोबाइलच्या पडद्यावर त्या झळकतात. अशा उपचारांत पैसा जातो आणि मूळ आजार निदानाविना वाढत राहतो. दुकानातून परस्पर गोळी घेणेही जोखमीचेच. हृदयरोगासाठी नायट्रेट घेणाऱ्या रुग्णाचा रक्तदाब तिने धोकादायकरीत्या घसरू शकतो.

असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढील नागरिकांची रक्तदाब व मधुमेह तपासणी होते. त्यासाठी आशा कार्यकर्ती घरोघरी माहितीपत्रक भरते. त्यात तंबाखू, मद्य, कंबरेचा घेर, व्यायाम यांची विचारणा आहे. या तक्रारीची नाही. गावातील पुरुष घरच्यांदेखत आशाताईंना हे सांगणार नाही, हेही उघड आहे. तेव्हा हा प्रश्न तपासणीच्या खोलीत डॉक्टरांनीच विचारायला हवा. त्याला यंत्र लागत नाही, निधीही लागत नाही.

याच महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू करून लैंगिक विषयांवर उघडपणे लिहिले आणि त्यापायी खटले सोसले. जवळपास शतकानंतरही एका साध्या प्रश्नाची लाज वाटत असेल, तर तिची किंमत हृदयाला मोजावी लागेल.