लिलावात पैसे भरले, पण ताबा मिळेना. घेणाऱ्याने काय करायचं?

सातारा/सांगली : बँकेच्या लिलावात गाळा किंवा जमीन घेतली, सगळे पैसे भरले आणि तरीही किल्ली हातात येत नाही. अशा वेळी घेणाऱ्याची बाजू किती भक्कम, हे नवी मुंबईतल्या एका प्रकरणावरून कळतं.

बाफना मोटर्सची तिथली जमीन युनियन बँकेकडे तारण होती. जून 2023 च्या लिलावात सेलिर कंपनीने ती 105.05 कोटींना घेतली, पैसेही भरले. मग कर्जदाराने 129 कोटी देऊन जमीन सोडवायची तयारी दाखवली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती मान्य केली. जास्त रक्कम मिळतेय म्हटल्यावर बँकेनेही विरोध केला नाही. 21 सप्टेंबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. सरफेसी कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की कर्जदाराचा तारण सोडवायचा हक्क संपतो, असं न्यायालयाने सांगितलं. सेलिरला मात्र 23.95 कोटी जादा भरावे लागले.

तरी ताबा मिळाला नाहीच. मधल्या काळात कर्जदाराने जमिनीचे हक्क तिसऱ्याच्याच नावे केले होते. शेवटी डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयाने तो व्यवहार रद्द ठरवून ताबा द्यायला लावला. कोट्यवधींच्या कंपनीची ही गत, तर 20 लाखांचा गाळा घेणाऱ्याने आधीच सावध राहिलेलं बरं.

हा कायदा सहकारी बँकांनाही लागू आहे. 2020 मध्ये मुरगूडच्या बँकेच्या खटल्यात घटनापीठाने तसा निकाल दिला. पतसंस्थांचं वेगळं. त्यांची वसुली सहकार कायद्याने आणि नियम 107 ने चालते.

सरफेसीच्या लिलावात 20 लाखांची बोली लागली तर 5 लाख त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरायचे. उरलेले 15 लाख विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. मुदतवाढ लेखीच घ्या, तीही तीन महिन्यांपलीकडे मिळत नाही. चुकलात तर भरलेली रक्कम जप्त होते. मॅनेजरच्या तोंडी शब्दावर इथेच अनेकजण फसू शकतात.

नोटिशीत 'सांकेतिक ताबा' असेल, तर जागेत अजून कर्जदारच बसलेला आहे असं समजा. त्याला बाहेर काढायला बँकेने कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा असतो; घेणाऱ्याने स्वतः कुलूप तोडायचं नाही. तो अर्ज दाखल झालाय का, हे बोलीआधीच बँकेला लेखी विचारा. पैसे भरूनही बँक विक्रीचा दाखला अडवत असेल, तर आधी पोच घेऊन लेखी मागणी द्या आणि वकिलामार्फत दाद मागा. सातारा-सांगलीकरांसाठी कर्जवसुली न्यायाधिकरण पुण्यात आहे. बँकेच्या कारवाईविरुद्ध तिथे जायची मुदत 45 दिवसांची आहे.