व्हिएन्नाचा वॉर्ड आणि ‘तारणहारा’ची दंतकथा

१/ हान्स अ‍ॅस्पर्गर यांची कथा अनेक दशके एकाच सुरात सांगितली गेली : नाझी राजवटीत स्वमग्न मुलांचे प्राण वाचवणारा सहृदय डॉक्टर. कथा मोहक आहे. पण ज्या वॉर्डातून ती जन्मली, त्या वॉर्डाचा इतिहासच तिच्याविरुद्ध साक्ष देतो.

२/ व्हिएन्ना विद्यापीठाच्या बालरुग्णालयातील हा विभाग एर्विन लाझार यांनी १९११ मध्ये स्थापन केला. मुलाला खाटेवरचा रोगी न मानता खेळताना, जेवताना, शिकताना न्याहाळायचे, ही तेथील रीत. परिचारिका व्हिक्टोरिने झाक, डॉ. गेऑर्ग फ्रांकल आणि मानसशास्त्रज्ञ आनी वाइस यांनी ती जोपासली. अ‍ॅस्पर्गर तेथे आले, तेव्हा विभागाला वीस वर्षे होऊन गेली होती.

३/ १९३० मध्ये फ्रान्झ हाम्बुर्गर रुग्णालयाचे प्रमुख झाले. ते पुढे कट्टर नाझी म्हणून ओळखले गेले. ज्यू डॉक्टरांच्या वाटा बंद होत गेल्या. १९३५ च्या सुमारास विभागाची सूत्रे ज्येष्ठ फ्रांकल यांच्याऐवजी तरुण अ‍ॅस्पर्गर यांच्या हाती गेली. फ्रांकल आणि वाइस हे ज्यू होते. दोघांनीही अमेरिका गाठली. तेथे फ्रांकल यांनी लिओ कॅनर यांच्यासोबत काम केले. स्वमग्नतेवरील कॅनर यांचा प्रसिद्ध निबंध १९४३ चा.

४/ १९४० मध्ये व्हिएन्नातच ‘आम श्पीगेलग्रुंड’ ही संस्था उघडली. उपचाराच्या नावाखाली तेथे अपंग मुलांना औषधे देऊन, उपाशी ठेवून मारले जाई. तेथे मृत्यू पावलेल्या मुलांची नोंदलेली संख्या ७८९ आहे.

५/ जून १९४१. मेंदूज्वराने अपंग झालेली, तीन वर्षेही पूर्ण न झालेली एक मुलगी. ती घरी आईवर असह्य भार ठरेल, तिला कायमचे श्पीगेलग्रुंडला ठेवणे आवश्यक आहे, असा अभिप्राय अ‍ॅस्पर्गर यांनी लिहिला. सप्टेंबरमध्ये ती मुलगी मरण पावली. १९४२ मध्ये गुगिंग येथील मुलांची वर्गवारी करणाऱ्या समितीतही ते होते. त्या समितीने ३५ मुलांना ‘शिक्षणास अपात्र’ ठरवले.

६/ समर्थक म्हणतात, ते नाझी पक्षाचे सभासद नव्हते. पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक नसावे. सभासद नव्हते, हे खरे. काही मुलांविषयी त्यांनी अनुकूल लिहिले, हेही खरे. परंतु संस्थांतील रुग्णांच्या हत्येविरुद्ध १९४० मध्येच व्हिएन्नातील नातेवाइकांनी निषेध केला होता. जे सामान्य माणसांच्या कानी गेले, ते विभागप्रमुखाला ठाऊक नव्हते, हे कोणी मानावे?

७/ १९८१ मध्ये लोर्ना विंग यांनी ‘अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम’ हे नाव रूढ केले. मूळ कागदपत्रांवर आधारलेले हेरविग चेक यांचे संशोधन थेट २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. मधल्या काळात दंतकथा पाठ्यपुस्तकांत शिरली होती.

८/ त्या वॉर्डाचे श्रेय द्यायचे असेल, तर लाझार, झाक, फ्रांकल आणि वाइस यांना द्यावे. आणि अ‍ॅस्पर्गर यांचे नाव घ्यायचेच असेल, तर १९४१ चा तो अभिप्राय वगळून ते कदापि घेऊ नये.