तिवरांचं वजन

दिवाळीत भाचा गावी आला होता. रिमोट सेन्सिंगमध्ये एम.एससी. करतोय. रायगडातल्या आमच्या खाडीकाठच्या गावाचा नकाशा त्याने लॅपटॉपवर उघडला. जंगलाचं वजन, म्हणजे जैवभार, त्यात रंगाने दाखवला होता. हिरवा जितका गडद, तितकं वजन जास्त. आमच्या बांधापलीकडचं तिवरांचं रान फिकट, जवळजवळ पिवळंच!

"मामा, तुझ्या रानात काही दम नाही रे," तो म्हणाला.

मला रागच आला. ज्या रानात आईने चिंबोऱ्या धरल्या, आम्ही निवट्यांच्या मागे चिखलात लोळलो, ते रान नापास?

दुसऱ्या दिवशी ओहोटीला टेप घेऊन दोघं आत शिरलो. झाड न तोडता त्याचं वजन काढता येतं, हे मला तेव्हा कळलं. १.३ मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजायचा, त्यावरून आणि त्या जातीच्या लाकडाच्या घनतेवरून सूत्राने वजन मांडायचं. अशा मोजलेल्या तुकड्यांशी रडारचे आकडे जुळवतात, म्हणून जमिनीवरची मोजणी चुकली की नकाशाही चुकतो. आमची तिवरं मात्र बुंध्यापासूनच फुटलेली, कित्येक जेमतेम डोक्याएवढी. रडार खोटं बोललं नव्हतं.

मग भाच्याने रडार समजावलं. नकाशा जपानच्या अलोस-२ उपग्रहाचा. त्याची लहर साधारण २४ सेंटिमीटरची, त्यामुळे ती पानांत न अडकता फांद्या-खोडांपर्यंत जाते. जितकं लाकूड, तितका प्रतिध्वनी मोठा. पण याला मर्यादा आहे. हेक्टरी शंभरेक टनांच्या पुढे हा हिशेब डळमळू लागतो. कांदळाच्या आधारमुळांचं जाळं फार दाट असेल, तर प्रतिध्वनी उलट कमी होतो आणि भरलेलं रान हलकं दिसतं. भरतीचं पाणी खोडांशी असलं की आकडा आणखी बदलतो. म्हणजे खाडीचं वेळापत्रक उपग्रहालाही पाळावं लागतं तर!

माझी तक्रार रडारबद्दल नाही. आकड्याचं आपण पुढे काय करतो, त्याबद्दल आहे.

२०१९ साली मार्क सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या खारफुटीच्या उंचीचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यासाठी २००० साली अंतराळयानातून घेतलेली रडारची मोजणीही वापरली होती. गॅबनमधली खारफुटी ६२.८ मीटर उंच निघाली. पाऊस, तापमान आणि वादळं यांवर ही उंची ठरते, असंही त्यांनी दाखवलं. आता त्या रानाशेजारी आमची तिवरं तराजूत घातली, तर ती हरणारच. शिवाय खारफुटीचा बराचसा कार्बन झाडांत नसतो, तो खालच्या चिखलात साठलेला असतो. तो चिखल रडारला तोलता येत नाही.

म्हणून भीती वाटते. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यात कांदळवन तोडायला बंदी घातली. सार्वजनिक हिताच्या कामासाठी न्यायालयाची परवानगी लागते. उद्या अशा एखाद्या कामासाठी कोणी फिकट नकाशा पुढे करून म्हणेल, "इथे आहेच काय? एवढेच टन ना, दुसरीकडे लावून देऊ!" रोपं दुसरीकडे लावता येतील. इतक्या वर्षांचा चिखल कुठून लावणार?

मला वाटतं, एका रानाची तुलना दुसऱ्याशी करूच नये. त्याची तुलना त्याच्याच कालच्या रूपाशी करावी. तिथे रडारसारखा पहारेकरी नाही. ढग असोत की रात्र असो, त्याला दिसतं. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार दर १२ दिवसांनी त्याच जागेवरून पुन्हा जातो. आषाढात, कोणी फिरकत नाही अशा वेळी, गुपचूप भराव टाकून तिवरं मारली, तर सारख्या भरतीच्या दोन चित्रांतला फरक ते उघड करू शकतो. आकडा लहान असला तरी चालेल, तो घटला की प्रश्न विचारायचा.

असो. भाचा परत गेला. जाताना म्हणाला, "मामा, पुढच्या दिवाळीला त्याच झाडांचा घेर घेऊ." मोजलेल्या झाडांना आम्ही सुतळी बांधून ठेवली आहे. गावच्या मंडळींनो, ती सोडू नका बरं का!